आयरिसचा कोरडा उन्हाळा

बागकाम म्हणजे झाडाला पाणी घालणें, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. तुळशीपुढें तांब्या रिकामा करणाऱ्या गृहिणीपासून आगरांत रहाट चालविणाऱ्या बागाइतदारापर्यंत सर्वांची ही समजूत सारखीच असते, आणि आपल्या देशांत ती खोटीही नाहीं. वर्षांतील आठ महिने जेथें आभाळ कोरडें, तेथें झाड जगविणें म्हणजे त्याला पाणी पोंचविणें होय. परंतु ज्यांना प्रेमानें दिलेलें पाणीच मारतें, अशाही कांहीं वनस्पति जगांत आहेत. पश्चिम व मध्य आशियांतील रानटी आयरिस त्यांपैकींच होत. त्यांना पावसाळी इंग्लंडांत नांदविण्यासाठीं कांहीं हट्टी माणसांनीं पिढ्यान् पिढ्या जी खटपट केली, तिचा इतिहास आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों. विषय फुलांचा म्हणून तो हलका वाटण्याचा संभव आहे. पण परक्या मुलखांतील जीव आपल्या दारीं आणून ठेवण्याचा अधिकार आपणांस कोठून येतो, हा प्रश्न ह्या इतिहासाच्या तळाशीं आहे, आणि तो हलका खास नव्हे.

आयरिस हें नांव ग्रीक लोकांच्या इंद्रधनुष्याच्या देवतेचें. ह्या कुळांत अडीचशेंहून अधिक जाती मोजल्या जातात. त्यांतील कांहीं हिमालयांत आहेत. काश्मिरांत कबरींवर लावलेले जांभळे व पांढरे आयरिस प्रवाशांच्या नेहमीं दृष्टीस पडतात. ते धट्टेकट्टे, त्यांची काळजी फारशी कोणास करावी लागत नाहीं. आमचा विषय त्यांच्या नाजूक भाऊबंदांचा. तुर्कस्तान, काकेशस, सिरिया, इराण आणि त्यांपलीकडील मध्य आशिया येथील उघड्या डोंगरांवर त्यांचीं तीन घराणीं राहतात. पहिलें घराणें रेटिक्युलाटाचें. ह्याच्या कंदावर तंतूंची जाळी असते, आणि वीतभरही उंच नसलेलें ह्याचें निळें-जांभळें फूल बर्फ वितळतें न वितळतें तोंच जमिनींतून वर येतें. दुसरें जूनोचें. ह्याच्या कंदाखालीं जाड, मांसल मुळ्या असतात. उपटतांना त्या तुटल्या कीं झाडाचा सांठाच गेला म्हणावयाचा. तिसरें ऑन्कोसायक्लसचें. ह्याला खरा कंद नसतो, गांठाळ आडवें खोड असतें. पण ह्याचीं फुलें सर्वांत मोठीं, रेघांनीं व ठिपक्यांनीं भरलेलीं, आणि रंगानें करड्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत गेलेलीं.

ह्या तिन्ही घराण्यांचा दिनक्रम त्यांच्या डोंगरांनीं ठरवून दिलेला आहे. तेथें पाऊस पडतो तो हिंवाळ्यांत. उंचावर त्याचें बर्फ होतें, आणि त्या कोरड्या पांघरुणाखालीं अंकुर सुरक्षित राहतो. मग थोड्या आठवड्यांचा वसंत. तेवढ्यांत पान, फूल आणि बीं हें सर्व उरकून घ्यावयाचें. कारण त्यामागून येणाऱ्या उन्हाळ्यांत आभाळांतून थेंब पडत नाहीं. त्या भाजणाऱ्या मातींत कंद निजतो, आणि निजलेला दिसत असतांच पुढील वर्षाचें फूल आपल्या पोटांत तयार करितो. वाचकांना हा प्रकार अगदींच अपरिचित नाहीं. सह्याद्रींतील कळलावीचा कंद हिंवाळा लागला कीं जमिनींत निजतो आणि मृगाच्या सरींनीं जागा होतो. नियम तोच, फक्त पावसाचा ऋतु उलटा.

इंग्लंडचें आभाळ ह्याच्या अगदीं विरुद्ध स्वभावाचें. तेथें पाऊस गाजत येत नाहीं आणि निरोप घेऊन जातही नाहीं. तो बारमाही रेंगाळतो. उन्हाळा ओला, त्यामुळें कंदाला नीज येत नाहीं. हिंवाळा ओला व मधूनच उबदार, त्यामुळें पान अवेळीं वर येतें आणि थंडीनें करपतें. पावसांत राहिलेला कंद सडतो. आणि सडण्यांतून वांचला तर रेटिक्युलाटाच्या कंदावर शाई सांडल्यासारखे काळे डाग पाडणारी बुरशी त्याला गांठते. तिला माळी शाईरोग असेंच म्हणतात.

हे आयरिस युरोपांत प्रथम आले ते राजदरबारांच्या वाटेनें. ऑस्ट्रियाच्या फर्डिनांड राजाचा वकील बुस्बेक हा १५५४ पासून १५६२ पर्यंत सुलेमान सुलतानाच्या दरबारीं होता. त्याच्या काळापासून तुर्की बागांतील फुलांचा ओघ व्हिएन्नाकडे सुरू झाला. १५७३ मध्यें कॉन्स्टँटिनोपलहून तेथें एक ऑन्कोसायक्लस पोंचला. त्याचें नांव पुढें आयरिस सुसियाना असें पडलें. करड्या पाकळ्यांवर काळपट जांभळ्या रेघांचें इतकें दाट जाळें, कीं लोकांनीं त्याला सुतकी आयरिस म्हणावें. त्याच वर्षीं क्लूसियस हा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ बादशाही बागेच्या कामासाठीं व्हिएन्नास आला. त्यानंतर दोन शतकांनीं, १७८७ मध्यें, विल्यम कर्टिसनें लंडनांत आपलें वनस्पतिविषयक सचित्र नियतकालिक सुरू केलें, तेव्हां त्यांतील पहिल्या चित्राचा मान मिळाला तो इराणी आयरिसला, म्हणजे एका जूनोलाच.

मान मिळाला, पण घर मिळालें नाहीं. ह्या पाहुण्यांची कथा पुष्कळ बागांतून एकाच क्रमानें घडे. डोंगरांतून आलेला कंद पहिल्या वसंतांत मोठ्या थाटानें फुले. कारण ती माहेरची शिदोरी होती. दुसऱ्या वर्षीं नुसतें पान, आणि तिसऱ्या वर्षीं तेंही नाहीं. माळ्याला वाटे, आपल्याला हें फूल साधलें; वस्तुतः तो दुसऱ्याच्या उन्हाळ्याची पुंजी खर्च करीत असे. पुंजी संपली कीं नवे कंद मागवावयाचे. त्यांची किंमत सावकाराच्या वहींत लागे. डोंगराच्या वहींत काय लागे, हें कोणी पाहत नसे.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत खडकबागेचा छंद फैलावला. डोंगरी फुलांसाठीं दगड रचून कृत्रिम उतार करावयाचा, अशी ही कल्पना. विल्यम रॉबिन्सननें १८७० मध्यें इंग्रजी बागांतील डोंगरी फुलांवर पुस्तक लिहिलें. १८८२ मध्यें क्यू येथील सरकारी उद्यानांत खडकबाग तयार झाली. परंतु पुष्कळ ठिकाणीं ह्या बागा म्हणजे नुसती दगडांची आरास होती. रेजिनाल्ड फॅरर ह्या यॉर्कशायरच्या लेखकानें १९०७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकांत तिची मनसोक्त थट्टा केली. शिऱ्यावर उभे बदाम खोचावे तसे मातीच्या ढिगावर दगड खोचून कोणी डोंगर होत नाहीं, हें त्याच्या टीकेचें सार. दगड दिसण्यासाठीं नसून झाडासाठीं आहेत. त्यांच्या फटींतून पाणी झरझर खालीं गेलें पाहिजे आणि मुळांना खोल, थंड जागा मिळाली पाहिजे, हा मुद्दा त्यानें इंग्रज माळ्यांच्या मनावर ठसविला. हा मनुष्य नुसता लेखणीबहाद्दर नव्हता. फुलांच्या शोधांत तो चीनमध्यें हिंडला, आणि १९२० मध्यें उत्तर ब्रह्मदेशाच्या डोंगरांत, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षीं, त्याचा अंत झाला.

खडकबागेनें प्रश्न अर्धा सोडविला. पायांखालचें पाणी तिनें काढून नेलें. पण डोक्यावरचें पाणी तिच्या हातीं नव्हतें. लहानसा रेटिक्युलाटा निचऱ्याच्या उतारावर कसाबसा तग धरी. जूनो आणि ऑन्कोसायक्लस मात्र तेथेंही मरत. त्यांना हवा होता तो डोंगराचा आकार नव्हे, डोंगराचा ऋतु. हें ज्या माणसानें सर्वांहून अधिक चिकाटीनें ओळखलें, तो व्यवसायानें माळी नव्हता.

सर मायकेल फॉस्टर (१८३६–१९०७) हे केंब्रिज येथें शरीरक्रियाविज्ञानाचे पहिले प्राध्यापक. १८७७ च्या सुमारास निघालेला त्यांचा पाठ्यग्रंथ बराच काळ प्रमाण मानला गेला. रॉयल सोसायटीचे ते वीस वर्षांहून अधिक काळ चिटणीस होते. आमचे जगदीशचंद्र बसु केंब्रिज येथें शिकत असतां ज्यांचीं व्याख्यानें ऐकत, त्यांत फॉस्टर हे एक होत. अशा कामाच्या माणसानें केंब्रिजजवळील शेलफर्ड गांवीं, चुनखडीच्या उंचवट्यावरील आपल्या घराभोंवतीं, आयरिसची बाग केली. पश्चिम आशियांत काम करणारे मिशनरी आणि इतर परिचित ह्यांच्याशीं पत्रव्यवहार करून त्यांनीं कंद व बीं मिळविलें. कित्येक नव्या जातींना शास्त्रीय नांवें दिलीं. तुर्कस्तानांतील मार्दीन भागांतला प्रचंड फुलाचा गेट्सी आयरिस आणि हिमालयांतला हूकेरियाना ह्या दोहोंचें नामकरण त्यांनींच केलेलें आहे. कंदवर्गीय आयरिसवरील त्यांचा निबंध १८९२ मध्यें प्रसिद्ध झाला.

फॉस्टरांचा विशेष आमच्या मतें असा कीं, त्यांनीं झाडाकडे वैद्याच्या दृष्टीनें न पाहतां शरीरशास्त्रज्ञाच्या दृष्टीनें पाहिलें. मरणाऱ्या झाडाला औषध काय द्यावें, हा प्रश्न त्यांनीं बाजूस ठेवला, आणि तें जगतें तेव्हां कसें जगतें, हें विचारलें. उत्तर मिळालें, तें उन्हाळ्यांत. पानें सुकूं लागलीं कीं वाफ्यावर कांचेचीं झांकणें घालावयाचीं, आणि शरद ऋतु सरेपर्यंत पावसाला आंत येऊं द्यावयाचें नाहीं. इंग्लंडच्या मातींत सिरियाचा दुष्काळ पेरण्याची ही युक्ति होती. तिनें सर्व जाती वश झाल्या असें नाहीं; अपयश फॉस्टरांनाही पुष्कळ आलें. पण अपयश कां येतें, हें कळूं लागलें, आणि कोणत्याही विद्येचा आरंभ तेथूनच होतो.

फॉस्टरांच्या मृत्यूनंतर त्यांचीं टिपणें विल्यम रिकॅट्सन डाइक्स ह्या शाळामास्तराच्या हातीं आलीं. चार्टरहाउस शाळेंत शिकवितां शिकवितां त्यानें आयरिस पेरले, पारखले, आणि १९१३ मध्यें सर्व आयरिसकुळावर मोठा ग्रंथ केंब्रिजहून प्रसिद्ध केला. त्यांतील चित्रें त्याच शाळेच्या चित्रकला-शिक्षकानें काढलेलीं आहेत. डाइक्सचा भर बियांवर होता. एका कंदावरून जाती ओळखूं नये. तिचें बीं पेरावें, तिचीं लेंकरें पाहावीं, मग काय तें ठरवावें, असा त्याचा खाक्या. १९२५ मध्यें मोटारीच्या अपघातांत तो गेला. पण बीं पेरण्याची जी संवय त्यानें लावली, तिचें महत्त्व पुढें दिसून येईल.

पुढें फॉस्टरांच्या झांकणांतूनच कंदांची कांचपेटी सिद्ध झाली. तिची रचना साधी आहे. विटांचा दीड-दोन फूट उंच चौथरा. तळाला फुटके विटांचे तुकडे, वर वाळू व खडे मिसळलेली माती, आणि माथ्यावर उचलतां येणारीं कांचेचीं झांकणें. कित्येक माळी मातीच्या कुंड्या वाळूंत गळ्यापर्यंत पुरतात. मग ओल कुंडीच्या अंगांतून हळूहळू आंत झिरपते आणि पान कोरडें राहतें. भाद्रपद-आश्विनांत एकदां चांगलें पाणी द्यावयाचें. ती ह्या कंदांची मृगाची सर. हिंवाळ्यांत झांकण वर, पण बाजू उघड्या. कारण थंडीचें भय त्यांना नाहीं, कोंदट हवेचें आहे. माघ-फाल्गुनांत फुलें येतात. त्या हंगामांत मधमाशा क्वचित् फिरतात, म्हणून बीं हवें असल्यास माळी कुंचल्यानें पराग एका फुलावरून दुसऱ्यावर नेतो. पान पिंवळें पडलें कीं पाणी बंद. पुढले तीन महिने झांकण लावून ऊन तेवढें आंत घ्यावयाचें, आणि हात आवरून बसावयाचें.

हा हात आवरणेंच सर्वांत कठीण. परंतु हा नियम तरी आंधळेपणानें पाळून भागत नाहीं, हेंही ह्याच घराण्यांतील एका फुलानें शिकविलें. जॉर्जियाच्या डोंगरांतील, १९१४ मध्यें शास्त्रज्ञांनीं वर्णिलेला, फिकट पिंवळा विनोग्राडोवी आयरिस हा दिसण्यांत रेटिक्युलाटाचा सख्खा भाऊ. म्हणून त्यालाही उन्हाळ्यांत भाजून काढावें, असें कोणासही वाटेल. पण तो वाढतो उंच, ओलसर कुरणांत. उन्हाळ्यांत अगदीं कोरडा ठेवला तर तो खंगतो. तेव्हां खरा नियम कोरडेपणाचा नव्हे. ज्याच्या त्याच्या घराची रीत ओळखण्याचा आहे. एका कुळांत वाढलेल्या दोन भावांनाही एकच औषध चालत नाहीं, हें आपल्याकडील आज्यांना कोणी शिकवावें लागलें नाहीं. माळ्यांना तें कंद गमावून शिकावें लागलें.

आतां ह्या इतिहासाची दुसरी बाजू पाहूं. इंग्लंडांतील प्रत्येक मेलेल्या कंदाची भरपाई कोठल्यातरी डोंगरांतून होत होती. १८७६ मध्यें डॅनफर्डबाईंनीं तॉरस पर्वतांतून लहानसा पिंवळा आयरिस आणला. त्याला त्यांचेंच नांव मिळालें. हा एकदां फुलला कीं त्याच्या कंदाचे बारीक बारीक तुकडे होतात, आणि ते वर्षानुवर्षें फुलत नाहींत. बागवान दरसाल नवे कंद घेई. पुढें हॉलंडच्या व्यापाऱ्यांनीं ह्यांची शेतांत लागवड केली, ही चांगली गोष्ट झाली. पण सर्वच कंदांच्या वांट्याला शेत आलें नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतही तुर्कस्तानच्या रानांतून उपटलेले नाना जातींचे कंद युरोपच्या बाजारांत लक्षावधींनीं जात होते. निर्बंध व आंतरराष्ट्रीय करार आले ते त्यानंतर. गांवकऱ्याला दोन पैसे मिळत, त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. दोष असेल तर, जें आपल्या दारीं जगणार नाहीं तें मरेपर्यंत दारीं ठेवण्याच्या हौसेचा.

सुसियानाची कथा तर ह्याहून विलक्षण आहे. व्हिएन्नाला आल्यापासून चार शतकांवर तो बागांतून एकाच रोपाचे तुकडे करकरून वाढविला गेला. त्याचें मूळ रानांतील घर कोणतें, ह्याचा खात्रीचा पत्ता आजवर लागलेला नाहीं. आणि ज्या रोपांच्या आधारानें तो टिकला, त्यांच्या अंगीं विषाणूचा रोग पिढ्यान् पिढ्या मुरला आहे. बागेनें त्याला वांचविलें खरें. पण त्याची बिनरोगी आवृत्ति कोठें आहे, हें आतां डोंगरालाही विचारतां येत नाहीं. ज्याचें घर आपण विसरलों, त्याची बरदास्त कितीही केली तरी ती अर्धीच राहते.

सुटकेची वाट बियांतून निघाली. बहुधा हे विषाणु कंदांतून पुढें जातात, बियांतून जात नाहींत. आणि मूठभर बीं घेतल्यानें डोंगर उघडा पडत नाहीं. १९२९ मध्यें इंग्लंडांत डोंगरी फुलांच्या हौशी लोकांची संस्था निघाली, तिनें सभासदांत बीं वांटण्याची पद्धत पाडली. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत पॉल फर्स हे निवृत्त आरमारी अधिकारी पत्नीसह मोटारींतून तुर्कस्तान, इराण व अफगाणिस्तान हिंडले. क्यू येथील ब्रायन मॅथ्यू ह्यांनींही त्या मुलखांचा अभ्यास करून १९८१ मध्यें आयरिसकुळावर नवा ग्रंथ लिहिला. बियांची वाट मात्र सोपी नाहीं. रेटिक्युलाटाला बियांपासून फुलापर्यंत तीन ते पांच वर्षें लागतात. ऑन्कोसायक्लसचें बीं तर मातींत वर्षानुवर्षें मुकें राहतें, आणि माळ्यानें आशा सोडल्यावर एखाद्या वसंतांत उगवतें. १९५५ च्या सुमारास ई. बी. अँडर्सन ह्या इंग्रज उद्यानप्रेमीनें विनोग्राडोवी आणि हिस्ट्रिऑइडिस ह्यांचा संकर केला. पांचएक वर्षांनीं त्यांतून निळ्या रेघांचें, फिकट पिंवळसर असें अद्भुत फूल आलें. त्याला कॅथरिन हॉजकिन हें एका स्नेह्याच्या पत्नीचें नांव दिलें. तें कांचपेटींवाचून उघड्या खडकबागेंतही सुखानें वाढतें, आणि आज साध्या माणसाला सहज विकत मिळतें. त्याचा पिंवळा पूर्वज मात्र जॉर्जियांत थोड्याच जागीं उरला आहे.

कोणी विचारील कीं, हा सर्व श्रीमंतांचा रिकामपणचा खेळ नव्हे काय? कांहीं अंशीं होता, हें आम्हांस मान्य आहे. एसेक्समधील वॉर्ले येथें एलेन विल्मट ह्या बाईंनीं शेंकडाभर माळी ठेवून बाग फुलविली. त्यांच्या नांवाचाही एक आयरिस आहे. पण त्या पायीं सारी दौलत संपली, १९३४ मध्यें बाई गेल्या, आणि पांच वर्षांत वाडाही पाडला गेला. टिकलें काय? तर शेलफर्डच्या प्राध्यापकाचीं टिपणें, शाळामास्तराचा ग्रंथ, आणि अनेक अनामिक लोकांनीं कागदाच्या पुड्यांतून एकमेकांस पाठविलेलें बीं. पैशानें आणलेले आयरिस पैशाबरोबर गेले. समजून घेतलेले राहिले.

आणि ही समज केवळ बागेपुरती नाहीं. आमच्याकडेही पावसाळ्यांत सह्याद्रीच्या सड्यांवर जीं इवलीं फुलें उमलतात, तीं मुळासकट घरीं नेऊन कुंडींत लावण्याचा मोह पुष्कळांस होतो. त्या पांतळ मातींत, त्या पावसांत आणि त्यामागून येणाऱ्या त्या कडक उन्हांतच त्यांचें आयुष्य असतें. कुंडींत तीं चार दिवस शिदोरीवर जगतात. प्रेम करणाऱ्यानें आधीं पाहुण्याचें घर पाहून यावें, मग त्याला बोलवावें. आणि तें घर आपणांस देतां येत नसेल, तर त्याला तेथेंच भेटावयास जावें, एवढें तरी आयरिसच्या ह्या इतिहासावरून आपण घेण्यासारखें आहे.

श्रावणांत इंग्लंडांतील अशी एखादी कांचपेटी कोणी पाहिली, तर तींत पाहण्यासारखें कांहीं नसतें. भेगाळलेली माती, नांवांच्या पट्ट्या, आणि कांचेवर पडणारा पाऊस. जवळच माळ्याची झारी भरलेली असते. ती त्यानें उचललेली नाहीं; खालचे कंद जिवंत आहेत ते त्यामुळेंच.